स्थिर आवृत्ति म्हणजे काय ?



एखादें घर स्थिर आहे असें आपण म्हणतों, तें त्याचा पाया हालत नाहीं म्हणून. संगणकाच्या जगांत मात्र 'स्थिर' म्हणून जाहीर झालेली एक वस्तु जवळजवळ दर आठवड्यास बदलत असते, आणि तरीहि जाणते लोक तिलाच स्थिर म्हणतात. हा शब्दच्छल नव्हे. त्यामागें एक विचारपूर्वक बसविलेली शिस्त आहे, आणि तिची ओळख करून देणें हा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

ती वस्तु म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. इंग्रजींत त्याला 'कर्नल' म्हणतात. सैन्यांतील कर्नलाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. मोठ्या वाड्यांत जसा कारभारी असतो, तसा हा गाभा. संगणकाची स्मृति कोणाला किती द्यावयाची, गणकाचा वेळ कोणाच्या वांट्यास किती यावा, लिहिलेला मजकूर तबकडीवर कोठें ठेवावा, हें सर्व तो ठरवितो. घरांतील मंडळींना कारभारी फारसा दिसत नाहीं. पण तो चुकला म्हणजे सगळ्या वाड्याचा घोटाळा होतो.

आज जगांत सर्वांत पसरलेला गाभा म्हणजे 'लिनक्स'. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स नांवाच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं त्याचा आरंभ केला. आपल्या हातांतील अँड्रॉइड फोनांत तोच आहे. जगांतील ५०० सर्वांत वेगवान संगणकांच्या यादींत नोव्हेंबर २०१७ पासून त्याच्याखेरीज दुसरा गाभा उरलेला नाहीं. पुण्याच्या पाषाण भागांतील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंत २०१८ सालीं 'प्रत्यूष' हा महासंगणक सुरू झाला, तो लिनक्सवरच. सेकंदाला ४० कोटि कोटि गणितें करण्याची त्याची शक्ति होती. सप्टेंबर २०२४ मध्यें त्याच संस्थेंत 'अर्क' आला. त्याची शक्ति याच्या जवळजवळ तिप्पट.

भिगवणच्या माणसाला हें दूरचें वाटण्याचें कारण नाहीं. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस मुळा-मुठा आणि भीमा यांतून वाहत उजनीच्या जलाशयांत येतो, आणि आमचें गांव त्या जलाशयाच्या कांठीं वसलेलें आहे. उद्यां किती पाऊस होईल, याचें गणित तास न् तास चालतें. तें अर्ध्यावर थांबलें किंवा त्याचे आंकडे लिहितांना बिघडले, तर अंदाज वेळेवर हातीं येणार नाहीं. म्हणून अशा ठिकाणीं नवलाईपेक्षां भरंवशाचें मोल अधिक.

आतां हा भरंवसा येतो कोठून, तें पाहूं. पूर्वी ओळख क्रमांकावरून पटे. दुसरा आंकडा सम असेल तर आवृत्ति स्थिर, विषम असेल तर प्रयोगाची. २.४ ही स्थिर, २.५ ही प्रयोगाची. पण २.४ ही आवृत्ति जानेवारी २००१ मध्यें निघाली, आणि तिच्यानंतरची स्थिर आवृत्ति २.६ निघावयास डिसेंबर २००३ उजाडला. जवळजवळ तीन वर्षें लोकांनीं नव्या यंत्रांसाठीं वाट पाहावी, किंवा प्रयोगांतील तुकडे आपल्याच जोखमीवर जुन्या आवृत्तींत जोडावे, अशी ती अडचण होती. पुढें ही सम-विषमाची रीत सोडून दिली गेली.

आजची रीत अशी. नवी आवृत्ति करावयास घेतली म्हणजे पहिले दोन आठवडे नवीं कामें स्वीकारण्याचे. मग तें दार बंद होतें. यापुढें केवळ चुका दुरुस्त करावयाच्या, आणि दर आठवड्यास एक 'उमेदवार' आवृत्ति लोकांच्या परीक्षेसाठीं द्यावयाची. असे सात-आठ उमेदवार झाले, पूर्वीं चालत असलेलें कांहीं मोडल्याच्या तक्रारी ओसरल्या, कीं आवृत्ति प्रसिद्ध होते. एकंदर नऊ-दहा आठवडे लागतात. गाभ्याच्या बदलामुळें लोकांचे चालते कार्यक्रम मोडूं नयेत, हा येथला मोठा दंडक आहे.

परंतु प्रसिद्धि म्हणजे शेवट नव्हे. लाखों यंत्रांवर चढल्यावर राहिलेल्या चुका दिसूं लागतात. त्यांसाठीं मार्च २००५ पासून स्थिर आवृत्तींची वेगळी मालिका चालते. शाळेच्या पुस्तकाचें उदाहरण घ्या. वर्ष सुरू झाल्यावर पुस्तकांत नवा धडा घालीत नाहींत. पण गणिताचें उत्तर चुकीचें छापलें असेल तर शुद्धिपत्रक काढतात. स्थिर मालिका हें असें शुद्धिपत्रक आहे. ६.१ नंतर ६.१.१, मग ६.१.२, असे तिचे क्रमांक वाढतात.

या शुद्धिपत्रकाचे नियम कडक आहेत. दुरुस्ती खऱ्या त्रासाची असावी, तर्काची नव्हे. ती उघड बरोबर आणि तपासलेली असावी. आजूबाजूच्या मजकुरासह १०० ओळींहून लांब नसावी. आणि ती आधीं मूळ, चालू गाभ्यांत गेलेली असावी. या शेवटच्या अटीचें कारण सोपें आहे: चूक केवळ जुन्या पुस्तकांत सुधारली आणि नव्यांत तशीच राहिली, तर पुढील आवृत्ति घेणाराच्या गळ्यांत तीच चूक पुन्हां पडेल. बहुतेक मालिका पुढची आवृत्ति आली कीं लवकरच संपतात; वर्षांतून एक निवडून ती निदान दोन वर्षें सांभाळली जाते. डिसेंबर २०२२ ची ६.१ ही अशी दीर्घकालीन आवृत्ति होय.

इतकें करूनहि धोका उरतोच. ६.१ च्याच मालिकेंत २०२३ सालीं, फाइली ठेवण्याच्या व्यवस्थेंतील एक दुरुस्ती उतरवून घेतली गेली. पण ती ज्या दुसऱ्या बदलावर उभी होती, तो मागेंच राहिला. परिणामीं ६.१.६४ मध्यें कांहीं प्रकारच्या लेखनांत फाइलींतील मजकूर बिघडण्याचा संभव निर्माण झाला. लिनक्सवर आधारलेली 'डेबियन' ही प्रणाली ९ डिसेंबर २०२३ रोजीं आपली १२.३ ही आवृत्ति देणार होती. ही चूक कळतांच तिच्या चालकांनीं ती रोखली, आणि दुसऱ्या दिवशीं दुरुस्त गाभ्यासह १२.४ दिली. दुरुस्ती स्वतः बरोबर होती. तिची सोबत तुटली, म्हणून ती घातक झाली.

यावरून स्थिर या शब्दाचा खरा अर्थ लक्षांत येईल. स्थिर म्हणजे निर्दोष नव्हे, आणि न बदलणारी तर नव्हेच. जिच्यांत बदल येतो तो फक्त दोष काढण्यासाठीं, ठरलेल्या चाळणींतून आणि सर्वांसमक्ष. आणि चूक सांपडली तर ती लपविली न जातां तत्काळ सुधारली जाते, ती आवृत्ति स्थिर.

गृहस्थांनीं यांतून घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. फोनवर सुरक्षेची दुरुस्ती आली कीं ती महिनोन्‌महिने टाळूं नये. कारण जुनी, न सांभाळलेली आवृत्ति शांत दिसली तरी ती स्थिर नसते, ती केवळ सोडून दिलेली असते. आणि दुरुस्ती घेण्यापूर्वीं महत्त्वाच्या कागदांची व छायाचित्रांची एक प्रत वेगळी ठेवावी. कारभारी कितीहि विश्वासू असला, तरी घराच्या खतपत्रांची नक्कल आपल्या पेटींत असलेली बरी.