तीन उपकरणं, एक चार्जर आणि बारा हजार रुपये

आजचा विषय तुमच्यापैकीच एकांनी दिलेला आहे. लखनौला स्थायिक झालेले एक निवृत्त सुभेदार साहेब आपले भाग नियमित बघतात, मूळचे साताऱ्याकडचे. त्यांनी लिहिलंय, "साहेब, वाढदिवसाला मुलगा थ्री-इन-वन वायरलेस चार्जर पाठवतो म्हणतोय. फोन, घड्याळ आणि कानातले बड्स, तिन्ही एकाच स्टँडवर चार्ज होतात. किंमत बारा हजार. मला तर अडीचशेची केबल पुरते. पण पोराला नाही म्हणवत नाही. काय करू?"

मी त्यांना फोन करून एवढंच विचारलं, की तुमचा फोन कोणता? उत्तर आलं, अठरा हजारांचा अँड्रॉइड, दोन वर्षांपूर्वी घेतलेला. मॉडेल बघितलं. त्या फोनमध्ये वायरलेस चार्जिंगची सोयच नाही! म्हणजे बारा हजारांचं ते यंत्र टेबलावर आलं असतं, त्यावर फोन ठेवला असता आणि काहीही झालं नसतं.

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनची गत हीच आहे. साधारण तीस हजारांच्या खालच्या फोनमध्ये वायरलेस चार्जिंग क्वचितच मिळतं. आयफोनमध्ये ते २०१७ च्या आयफोन ८ आणि आयफोन एक्सपासून आलं. सॅमसंग, पिक्सेल वगैरेंच्या वरच्या किमतीच्या फोनमध्ये असतं. बाकीच्यांनी आधी फोनची माहिती उघडून 'वायरलेस चार्जिंग' हे शब्द शोधायचे आणि मगच पुढचं ऐकायचं. घड्याळाचंही तेच. दोन-तीन हजारांची स्मार्ट घड्याळं दोन पिनांच्या चुंबकी केबलवर चार्ज होतात, या स्टँडवर नाही. स्वस्त बड्सच्या डबीतही बहुधा ही सोय नसते.

आता हे यंत्र चालतं कसं ते बघू, कारण पैसे कुठे वाया जातात ते त्यातूनच कळतं. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं, की एका तारेच्या वेटोळ्यातला प्रवाह बदलत राहिला तर शेजारच्या, न जोडलेल्या वेटोळ्यातही प्रवाह निर्माण होतो. रस्त्यावरच्या खांबावरचा ट्रान्सफॉर्मर याच तत्त्वावर चालतो. वायरलेस चार्जर म्हणजे दोन भागांत चिरलेला ट्रान्सफॉर्मर समजा. एक कॉइल चार्जरमध्ये, दुसरी फोनच्या पाठीमागे. मध्ये काही मिलिमीटरचं अंतर, काच आणि तुमचं कव्हर.

खरी मेख त्या अंतरात आणि नेमात आहे. दोन्ही कॉइल बरोब्बर समोरासमोर आल्या तर काम चांगलं होतं. बोटभर सरकल्या, की पोहोचणारी वीज घटते आणि वाया गेलेल्या विजेची उष्णता होते. साध्या सपाट पॅडवर फोन ठेवला, रात्री मेसेज आला, फोन थरथरला आणि जरासा सरकला, की सकाळी बॅटरी बारा टक्के. हे माझ्यासोबत घडलंय. पहाटेची गाडी पकडायची होती, तिकीट फोनमध्ये आणि स्टेशनवर जायची टॅक्सीही फोनवरूनच बोलवायची होती. त्या दिवशी सौ.ने एकही शब्द न बोलता स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. तो केबलला लावलेला होता, शंभर टक्के.

या दुखण्यावरचा इलाज म्हणजे चुंबक. ॲपलने २०२० मध्ये आयफोन १२ च्या पाठीत चुंबकांचं कडं बसवलं आणि त्याला मॅगसेफ नाव दिलं. फोन चार्जरजवळ नेला, की आपोआप खट्कन योग्य जागी बसतो. वायरलेस चार्जिंगचं जे सार्वत्रिक मानक आहे, त्याचा उच्चार 'ची'. ते ठरवणाऱ्या संस्थेने हीच चुंबकाची कल्पना घेऊन २०२३ मध्ये 'ची-२' जाहीर केलं. त्यात १५ वॅटपर्यंत चार्जिंग होतं, आणि २०२५ मध्ये २५ वॅटचा टप्पाही आला. पण इथे जरा जपून. चार्जरवर 'ची-२' लिहिलेलं असलं म्हणून तुमच्या फोनमध्ये चुंबक आलं असं होत नाही. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस २५ मालिकेत चुंबक फोनच्या अंगात नाही, ते वेगळ्या कव्हरमधून घ्यावं लागतं.

एकाच पाटावर तीन उपकरणं चार्ज करणं किती अवघड आहे याचा एक दाखला देतो. सप्टेंबर २०१७ मध्ये खुद्द ॲपलने एअरपॉवर नावाचा पाट जाहीर केला होता. फोन, घड्याळ, बड्स कुठेही ठेवा, सगळं चार्ज होईल, असं सांगितलं होतं. दीड वर्ष लोक वाट बघत राहिले. मार्च २०१९ मध्ये कंपनीने सांगितलं, की ते आमच्या दर्जाला उतरत नाही, म्हणून रद्द. 'कुठेही ठेवा' म्हटलं, की अनेक कॉइल एकमेकींवर रचाव्या लागतात, त्यांचा ताळमेळ बसवावा लागतो आणि उष्णता आवरावी लागते. म्हणून आज बाजारात जे थ्री-इन-वन मिळतात, त्यांत प्रत्येक उपकरणाची जागा ठरलेली असते. एका खोक्यात बसवलेले तीन स्वतंत्र चार्जर आहेत ते. चांगल्या कंपनीचं घ्यायचं तर आठ ते पंधरा हजार, आणि बिननावाचं दीड-दोन हजारांतही मिळतं.

या खोक्यात तुम्ही कोणाला बांधले जाता तेही बघा. ॲपलचं घड्याळ साध्या 'ची' पॅडवर चार्ज होत नाही, त्याला त्याची खास चकती लागते. सॅमसंगच्या घड्याळाचा मामला वेगळा. म्हणजे ॲपलच्या चकतीचा स्टँड घेतला आणि दोन वर्षांनी घड्याळ बदललं, तर स्टँडचा तो हात शोभेचा. फौजेत आम्ही एखादं उपकरण मागवताना विचारायचो, की याचे सुटे भाग आणि बॅटरी दुसऱ्या कशात चालतात का? नाही म्हटलं, की मागणीपत्रावर सही करताना हात आखडायचा.

अजून एक फौजी खोड सांगतो. तीन वायरलेस सेट आणि चार्जिंगला जनरेटर एकच, ही व्यवस्था कोणताही सिग्नलवाला नाखुशीनेच पत्करतो. एक बिघडला, की तिन्ही मुके. थ्री-इन-वन स्टँडचं तेच. आतला एक सर्किट बोर्ड गेला, की फोन, घड्याळ, बड्स, सगळ्यांचीच पंचाईत. केबल तुटली तर कोपऱ्यावरच्या दुकानात दुसरी मिळते.

वेगाचा प्रश्न दोन वाक्यांत संपतो. आज मध्यम किमतीचे कितीतरी फोन तारेने ६७, ८०, अगदी १२० वॅटने चार्ज होतात, आणि स्टँडवर फोनच्या वाट्याला फार तर १५ किंवा २५ वॅट येतात. घाईत असाल तर तारच लावा. शिवाय खोक्यावर 'फास्ट' लिहिलेलं असतं, पण पुष्कळदा आत ॲडॉप्टर नसतो. फोनचे १५, घड्याळाचे ५ आणि बड्सचे ५ मिळून झाले २५ वॅट. वर होणारा अपव्यय धरला तर निदान ३० वॅटचा ॲडॉप्टर हवा. घरातला जुना १० वॅटचा लावला, की बारा हजारांचं यंत्र मुंगीच्या पावलाने चालतं आणि आपण फोनला दोष देतो. ॲडॉप्टर घ्याल तेव्हा त्यावर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. तो क्रमांक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून पडताळता येतो. दोन मिनिटांचं काम आहे, पण आपण भाजी जितकी निरखून घेतो तितकं हे निरखत नाही.

विजेच्या बिलाची भीती मात्र मनातून काढून टाका. हिशेब करू. ५,००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास वीज मावते. रोज एकदा पूर्ण भरली, तर वर्षाला सात युनिट. तारेने चार्ज करताना होणारा अपव्यय धरून आठ म्हणा, वायरलेसने अकरा म्हणा. आठ रुपये युनिटने फरक आला वर्षाला चोवीस रुपये. रिकामा स्टँड प्लगला तसाच राहून सतत अर्धा वॅट खात असेल, असं धरलं तरी वर्षाचे साडेचार युनिटच्या आत.

वाया गेलेल्या विजेने बिल वाढत नाही, पण फोन तापतो, आणि आपल्या देशात चिंता याची करायची. लिथियम बॅटरीला थंडीही मानवत नाही आणि उष्णताही. लडाखच्या थंडीत आम्ही बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचो, कारण गारठलेली बॅटरी ऐनवेळी दगा देते. पण थंडीने मंदावलेली बॅटरी ऊब मिळाली की बरीचशी सावरते, उष्णतेने झिजलेली परत येत नाही. ॲपल आपला फोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरा म्हणून सांगतं. इथे सिकंदराबादला मे महिन्यात दुपारी पारा चाळीसच्या वर, आणि नागपूर, दिल्ली, लखनौची कथा तुम्हाला ठाऊकच आहे. अशा खोलीत जाड कव्हरचा फोन वायरलेस पॅडवर ठेवला, की तो तापतो, मग फोनच स्वतःला वाचवायला चार्जिंग मंद करतो किंवा ८० टक्क्यांवर थांबवतो. लोकांना वाटतं चार्जर खराब निघाला. तो नाही, खोली गरम आहे! उन्हाळ्यात वायरलेस चार्जिंग करायचंच असेल तर रात्री पंख्याखाली करा आणि फोन उशीखाली किंवा पांघरुणात जाऊ देऊ नका. फोन आणि पॅडच्या मध्ये नाणं, किल्ली, कव्हरमध्ये खोचलेलं बँकेचं कार्ड, काही राहू देऊ नका. धातू तापतो. चांगले चार्जर ते ओळखून बंद होतात, स्वस्त चार्जरच्या भरवशावर राहू नये.

मग हे कोणीच घेऊ नये का? तसं नाही. ज्याच्याकडे आयफोन, ॲपलचं घड्याळ आणि एअरपॉड्स तिन्ही आधीपासून आहेत, त्याने लाखाच्या घरात खर्च केलेलाच आहे. उशाशी एकच प्लग असेल तर त्याने हा स्टँड खुशाल घ्यावा. ती सोय आहे आणि सोयीला किंमत असते. पण वायरलेस चार्जिंगचा खरा उपयोग मला ज्याने शिकवला, त्याच्याकडे ना घड्याळ आहे ना बड्स.

माझा एक कोर्समेट आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एकटा राहतो. पार्किन्सनमुळे हात थरथरतात. मुलगी चेन्नईला. तिने आपला जुना आयफोन १३ त्याला दिला होता. रात्री केबलचं टोक फोनच्या त्या चिमुकल्या खाचेत घालायला त्याला पाच-पाच मिनिटं लागायची. कधी अर्धवट बसायचं, कधी बसल्यासारखं वाटायचं. टोचून टोचून खाच सैल झाली. एका सकाळी मुलीचा मला फोन, बाबांचा फोन रात्रीपासून बंद आहे. मी पायात सापडली ती चप्पल घालून धावलो. गडी अंगणात पेपर वाचत बसलेला. केबल लावलेली होती, चार्जिंग झालंच नव्हतं. मला बघून म्हणाला, "काय रे, परेडला उशीर झाला का?" हसलो दोघंही. पण रात्री तो पडला असता तर त्याने कोणाला कसं बोलावलं असतं, हा विचार मला घरी येईपर्यंत सोडेना.

त्याच आठवड्यात आम्ही त्याच्या उशाशी एक चुंबकी स्टँड बसवला. एकाच उपकरणाचा, ॲडॉप्टरसकट तीन हजारांच्या आत. खालचा भाग दुहेरी चिकटपट्टीने टेबलाला घट्ट केला, म्हणजे फोन ओढताना स्टँड उचलला जात नाही. कव्हर बदलून चुंबक असलेलं घेतलं. आता फोन नुसता जवळ नेला तरी खट् आवाज होतो आणि पडद्यावर मोठं हिरवं कडं दिसतं. थरथरत्या हाताला नेम धरावा लागत नाही, चुंबक धरतं. संधिवाताने बोटं वळत नाहीत किंवा मोतीबिंदूमुळे खाच दिसत नाही, अशा घरात हे तीन हजार मी डोळे झाकून खर्च करीन.

फक्त एक सावधगिरी. पेसमेकर बसवलेला असेल तर चुंबकी फोन आणि त्याचा चार्जर छातीपासून दूर ठेवा. ॲपलची सूचना अशी, की किमान १५ सेंटिमीटर, आणि वायरलेस चार्जिंग चालू असताना ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर हवं. म्हणजे फोन शर्टाच्या खिशात नको आणि स्टँड उशीला लागून नको. आपल्या डॉक्टरांना एकदा जरूर विचारून घ्या.

राहिले आपले सुभेदार साहेब. त्यांच्या मुलाशीही मी बोललो, समजूतदार आहे. बारा हजारांच्या स्टँडऐवजी त्याने दोन सी-टाइप तोंडांचा एक चांगला ॲडॉप्टर आणि दोन दोन-मीटरच्या मजबूत केबल पाठवायचं ठरवलं, सगळं मिळून तीन हजारांच्या आत. एक केबल उशाशी, एक बैठकीत. उरलेल्या पैशांचं काय, म्हणून मी विचारलं. तर म्हणाला, आईबाबांची साताऱ्याची तिकिटं काढतो, गणपतीला.