सर्व्हिसिंगनंतर स्टेअरिंगचं तेल गळतंय?

वर्कशॉपमधून आलेल्या गाडीखाली सकाळी फरशीवर लालसर, तेलकट डाग दिसला, तर आधी पॉवर स्टेअरिंगची टाकी बघा. इलेक्ट्रिक स्टेअरिंगला हे तेल लागत नाही, गळती हायड्रॉलिकची. होजचा जोड सैल राहतो किंवा रॅकचं सील जातं. खान्देशच्या उन्हाळ्यात रबरही लवकर कडक होतं. स्टेअरिंग जड झालं, वळवताना घुंईऽऽ आवाज आला, तर गाडी हायवेवर काढूच नका. डागाचा फोटो, जॉबकार्ड, बिल जपा; तक्रार लेखीच द्या. दाद लागली नाही, तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे. मुदत दोन वर्षं. २०१९च्या कायद्याने मोठी सोय केली: दुरुस्ती धुळ्यात झाली, तरी जळगावकराला जळगावातच तक्रार दाखल करता येते.