रुग्णाचे वजन आणि दोन प्रश्न

कर्करोगाच्या रुग्णास भेटून परतणारा आप्त जिन्यातच हळू आवाजात म्हणतो, "फारच खंगला हो!" खंगणे हा त्या रोगाचा धर्मच, असे समजून आपण सारे गप्प बसतो. आमची तक्रार या गप्प बसण्याविषयी आहे.

रुग्णाचे कुपोषण हुडकून काढणे ही काही महागड्या यंत्राची बाब नव्हे. ऑस्ट्रेलियातील आहारतज्ज्ञांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत अवघे दोन प्रश्न आहेत. प्रयत्न न करता अलीकडे वजन घटले काय? भूक मंदावल्यामुळे खाणे कमी झाले काय? उत्तरांस गुण द्यावयाचे. ते दोन वा अधिक भरल्यास रुग्णास धोका आहे असे समजावयाचे. वजन घटले की नाही, हे "नक्की ठाऊक नाही" म्हणणारासही दोन गुण मिळतात! आमच्या मते त्या पद्धतीचे शहाणपण यातच आहे. आपल्यापैकी कितीजणांस स्वतःचे गेल्या सहा महिन्यांपूर्वीचे वजन सांगता येईल?

केवळ नजरेवर विसंबून चालत नाही. स्थूल देहाच्या आडही स्नायू झिजत असतात. १९८० साली अमेरिकेत तीन हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत उपचारांपूर्वीच वजन घटलेले रुग्ण बहुतेक कर्करोगांत इतरांहून कमी जगल्याचे आढळले. तंबाखूपायी आपल्याकडे बोकाळलेल्या मुखाच्या कर्करोगात तर किरणोपचारांनी तोंड सोलवटते, घास उतरत नाही आणि अशक्तपणामुळे उपचारच खंडित करण्याची पाळी येते.

खाऊ घातल्याने सारी झीज भरून येते, असे मात्र नव्हे. रोगामुळे शरीरात पेटलेला दाह स्नायूंस पोखरीत असतो. तथापि वेळीच ध्यानी आल्यास पुरेशी प्रथिने, मऊ अन्न, प्रसंगी नाकातून नळी, अशी योजना करता येते. घरोघरी मात्र 'साखर तोडा, दूध तोडा' असे सांगणारे हितचिंतक भेटतात आणि आधीच उपाशी असलेला जीव निव्वळ पेजेवर राहतो.

परळला उपचारांसाठी दूरदूरून येऊन पदपथावरच चूल मांडणारी कुटुंबे या शहराने वर्षानुवर्षे पाहिली आहेत. तेव्हा येथील प्रत्येक रुग्णालयाने केसपेपरावर रक्तदाबाच्या शेजारी या दोन प्रश्नांस जागा द्यावी. ते निदानाच्या दिवशी आणि पुढे प्रत्येक खेपेस विचारावेत, आणि उत्तरे वाचावयास आहारतज्ज्ञ नेमावा. तो नसेल तर गुण मांडून उपयोग काय?