घोट्यावरची जखम भरत नाही? पायातल्या शिरा तपासा



विक्रोळीच्या कन्नमवारनगरात, पार्कसाइटला गावाकडून आलेली कितीतरी कुटुंबं राहतात. इथे कुणी कारखान्यात उभ्याने काम करते, कुणी पोळीभाजी केंद्रात, कुणी भाजीच्या गाडीवर. तुम्ही गावाकडे शेतात आणि चुलीपाशी राबता. कामं वेगळी, पण संध्याकाळचं दुखणं एकच. पाय जड होतात, घोटे सुजतात, पोटरीवर निळ्या गाठीगाठीच्या शिरा उठतात. यांनाच डॉक्टर ‘व्हेरिकोज व्हेन्स’ म्हणतात.

विहिरीवरच्या पंपाचा फुटव्हॉल्व्ह आठवा. तो बिघडला की पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं. पायातल्या शिरांनाही अशाच झडपा असतात. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि झडपा ते खाली येऊ देत नाहीत. झडपा सैल झाल्या की रक्त खाली साचतं आणि शिरा फुगतात. तासन् तास एका जागी उभं राहणं, बाळंतपणं, वाढलेलं वजन आणि आईवडिलांकडून आलेला वारसा, ही त्याची कारणं.

वर्षानुवर्षं रक्त साचलं की घोट्याजवळची कातडी काळी पडते, खाजते. मग साध्या खरचटण्याचीही जखम होते. आपण मलम लावतो, हळद भरतो. जखम भरते, पुन्हा उघडते. कारण दुखणं कातडीत नसून शिरेत असतं.

म्हणून सर्जनला दाखवा. विक्रोळीकरांना घाटकोपरचं राजावाडी किंवा शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय आहे, तुम्हाला जिल्हा रुग्णालय. तिथे डॉपलर सोनोग्राफी सांगतील. तिला सुई लागत नाही, दुखतही नाही. मग घट्ट पट्टा किंवा मोजे, लहान शिरांना इंजेक्शन, मोठ्या शिरेला लेसर किंवा ऑपरेशन, असे उपाय आहेत. “शीर बंद केली तर पाय निकामी होईल का?” असं बायका विचारतात. नाही होत. रक्त आतल्या चांगल्या शिरांतून वर जातं. सरकारी योजनेत खर्च बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

पट्टा मात्र मनाने बांधू नका. मधुमेह किंवा तंबाखूमुळे पायाकडे रक्त नेणाऱ्या नळ्या अरुंद झाल्या असतील, तर घट्ट पट्ट्याने इजा होते.

घरी काय करायचं? दिवसातून तीनदा, पंधरा मिनिटं, आडवं होऊन पाय उशीवर छातीपेक्षा उंच ठेवा. उभ्याने काम करताना मधूनमधून टाचा उचला. रोज चाला.

शीर फुटून रक्त आलं, तर लगेच आडव्या व्हा, पाय वर करा, स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि दवाखाना गाठा. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला किंवा धाप लागली, तर पाय चोळू नका. आत रक्ताची गाठ असू शकते. लगेच रुग्णालयात जा.

गटाच्या पुढच्या बैठकीत एकमेकींचे घोटे पाहा. ‘वयाचं दुखणं’ म्हणून साडीखाली झाकलेली जखम तिथे दिसली, तर त्या बाईला एकटीला पाठवू नका. सोबत जा.