एसीचा पंखा फिरत नाही, आणि ‘चेकिंग फ्री’चा बोर्ड मी का काढला



सोलापुरात एप्रिल लागला की दुकानाचा फोन सकाळी आठपासून सुरू होतो. त्यातली एक तक्रार ठरलेली: “दादा, एसी चालू आहे, पण गार हवाच येत नाही.” जाऊन बघावं तर आतला ब्लोअर मजेत फिरतोय आणि बाहेरच्या युनिटचा पंखा ठप्प. नुसता घूंऽऽ आवाज.

सर्व्हिसिंगचा धंदा सुरू करायचा विचार असेल तर हा एक फॉल्ट नीट शिकून घ्या. यात तुमचं तांत्रिक ज्ञान तर कळतंच, नियतही कळते.

फोनवरच पहिली गोष्ट सांगायची: “आम्ही येईपर्यंत एसी बंद ठेवा.” खोलीतली उष्णता बाहेर फेकायचं काम त्या पंख्याचं. तो थांबला की गॅसचं प्रेशर चढतं, कॉम्प्रेसर तापतो आणि ओव्हरलोडवर ट्रिप होतो. थंड झाला की परत सुरू, परत ट्रिप. असंच रेटत राहिलं तर कॉम्प्रेसरच जायचा, आणि तो एसीतला सगळ्यात महाग पार्ट.

आता माझी चूक सांगतो. दुकान टाकून तिसराच महिना. बाहेर मोठा बोर्ड लावला होता, ‘चेकिंग फ्री’. बीबीए करून आलो होतो, वाटलं काय भारी मार्केटिंग आहे! एका निवृत्त सरांकडे कॉल आला. पंखा बंद, आवाज येतोय. मी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणालो, “सर, मोटर गेली.” नवी मोटर, सोबत नवा कॅपॅसिटर, बिल ३,२०० रुपये. पंखा फिरला, सर खूश, मीही खूश.

संध्याकाळी दुकानात ती जुनी मोटर सहज चांगल्या कॅपॅसिटरवर लावून बघितली. फिरली की! एकदम नव्यासारखी. म्हणजे गेला होता फक्त कॅपॅसिटर, दोनशे रुपयांचा.

खरं सांगतो, सरांना हे कधीच कळलं नसतं. रात्रभर तेच डोक्यात. दुसऱ्या दिवशी जाऊन सगळं सांगितलं, त्यांची मोटर परत बसवली, ३,००० रुपये परत दिले. वायर कापलेली नवी मोटर सप्लायर परत घेईना, ती तशीच पडून राहिली. सर रागावले नाहीत, पण कौतुकही केलं नाही. एवढंच विचारलं, “हे काल तपासता येत नव्हतं का?”

येत होतं. पाच-दहा मिनिटांचं काम होतं. आधी एमसीबी बंद. रिमोटनं बंद केलेला एसी म्हणजे बंद सप्लाय नव्हे. मग कॅपॅसिटर डिस्चार्ज करायचा, कारण लाइट गेल्यावरही त्यात करंट साठलेला असतो. बरेच जण स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडतात. तुम्ही रेझिस्टर लावून करा आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय हात घालू नका. नंतर पंखा हातानं फिरवा. जड फिरतोय किंवा घासतोय तर बेअरिंग, नाहीतर पात्यात काहीतरी अडकलंय. (कबुतराच्या घरट्याच्या काड्यासुद्धा निघतात.) हलका फिरतोय आणि चालू केल्यावर नुसता गुणगुणतोय, तर पहिला संशय कॅपॅसिटरवर. वरून फुगलेला असेल तर विषय संपला. फुगला नसेल तरी मीटरवर मायक्रोफॅरड मोजा. लेबलवर ४ लिहिलंय आणि मीटर २ दाखवतोय, तर तो गेला. नवा लावताना मायक्रोफॅरड तोच, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, कमी कधीच नाही.

आवाजच नसेल तर पंख्यापर्यंत सप्लाय येतोय का बघा: उंदरानं कुरतडलेली वायर, जळालेलं टर्मिनल, पीसीबीवरचा रिले. मोटरची वाइंडिंग सगळ्यात शेवटी. आणि एसी नुकताच चालू केला असेल तर आधी तीन-चार मिनिटं थांबा, कॉम्प्रेसरला मुद्दाम डिले दिलेला असतो. तेवढ्यात “फॉल्ट आहे” म्हणून मोकळे होऊ नका.

इन्व्हर्टर एसीचं गणित वेगळं. त्यात बहुतेक वेळा बीएलडीसी मोटर असते, हा कॅपॅसिटर नसतोच. एरर कोड वाचायचा, पीसीबी तपासायचा. त्या बोर्डवर सप्लाय बंद केल्यानंतरही तीनशेच्या वर डीसी व्होल्ट राहू शकतात. शिकला नसाल तर सरळ सांगा, “हे मला येत नाही.” युनिट तिसऱ्या मजल्यावर बाहेर लटकलेलं असेल तर सेफ्टी बेल्टशिवाय चढायचं नाही. कस्टमर कितीही घाई करू दे.

आता बोर्डचं. सरांकडे मी मोटर का म्हणालो, यावर नंतर बराच विचार केला. अज्ञान होतंच, पण चेकिंग फुकट असल्यावर माझी कमाई फक्त पार्टमध्ये होती. कॅपॅसिटरमध्ये सुटणार किती? पेट्रोलसुद्धा निघालं नसतं. मग जीभ आपोआप मोटरकडे वळते. त्याच आठवड्यात बोर्ड काढला. आता व्हिजिट चार्ज ३५० रुपये, फोनवरच सांगतो. काही जण तिथंच फोन ठेवतात. ठेवू देत. कॅपॅसिटर निघाला तर बिल ५५० आणि माझा तास वसूल. जुना पार्ट कस्टमरसमोर मीटरवर लावून दाखवतो, आकडा त्यांनाच वाचायला सांगतो.

सुरुवातीला बॅगेत २, २.५, ३ आणि ४ मायक्रोफॅरडचे दोन-दोन कॅपॅसिटर ठेवा, फार भांडवल लागत नाही. आणि मीटर घेताना कॅपॅसिटन्सची रेंज आहे का, हे दुकानातच चालवून बघा. माझ्या पहिल्या मीटरला ती नव्हतीच.