दातावरची टोपी : काढणे आणि पुन्हा बसविणे

किडीने पोखरलेला, अपघाताने तुटलेला किंवा मुळांच्या पोकळ्या साफ करून भरलेला दात पुष्कळदा इतका दुबळा झालेला असतो की, चर्वणाचा भार त्याला सोसवत नाही. अशा दाताचा उरलेला भाग सभोवार थोडा कोरून त्याचा खुंट तयार करतात आणि त्यावर दाताच्याच आकाराचे कवच सिमेंटने चिकटवितात. हे कवच धातूचे, चिनी मातीचे अथवा दोहोंच्या संयोगाचे असते. व्यवहारात त्यास टोपी किंवा कॅप म्हणतात. ती कायमची बसविली, असे रुग्णास सांगितले जाते. परंतु दहा-पंधरा वर्षांनी, क्वचित काही महिन्यांनीच, ती काढण्याचा प्रसंग येतो. खाली कीड लागते, खुंट दुखू लागतो, किंवा टोपी आपोआप सैल होते. अशा वेळी रुग्णाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हीच टोपी पुन्हा बसविता येईल काय?

याचे उत्तर टोपी मुळात कशाने धरून राहते हे समजल्यावाचून देता येत नाही. स्वयंपाकघरात एकात एक घातलेले दोन पेले घट्ट अडकून बसतात, हे सर्वांनी पाहिले आहे. पेल्यांच्या भिंती जितक्या सरळ, तितके ते अधिक अडकतात. पसरट वाट्या मात्र सहज सुटतात. खुंटाचेही तसेच आहे. त्याच्या समोरासमोरच्या भिंती वर निमुळत्या होत जातात; त्यांच्यामधील कोन सुमारे ६ अंशांचा असावा, असे पाठ्यपुस्तकांत शिकवितात. प्रत्यक्ष तोंडात तो बहुधा याहून बराच अधिक होतो. खुंट उंच व भिंती सरळ असल्या, तर टोपी केवळ एकाच दिशेने, सरळ वर उचलली असता निघते. ती तिरपी ओढली की अडकते आणि सारा ताण खुंटावर पडतो.

या दोहोंमधील बारीक फट सिमेंट भरून काढते. जस्ताचे भस्म आणि फॉस्फोरिक आम्ल यांचे सिमेंट एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे. ते दाताला रासायनिक रीत्या चिकटत नाही. खडबडीत पृष्ठांमध्ये शिरून कडक होते व पाचरीसारखे काम करते. दाबाखाली ते मजबूत, परंतु ओढीखाली ठिसूळ असते. म्हणून अचूक दिशेने बसलेल्या एका हलक्या झटक्याने ते तडकू शकते. १९७० नंतर प्रचारात आलेले काच-आयनोमर सिमेंट दाताला प्रत्यक्ष चिकटते, आणि राळयुक्त सिमेंटे तर दात व टोपी या दोहोंना जखडतात. यात एक विसंगती आहे : सिमेंट जितके उत्तम, तितकी टोपी अखंड निघण्याची आशा कमी.

तात्पुरत्या टोपीसाठी म्हणूनच मुद्दाम दुबळे सिमेंट वापरतात. त्यात जस्ताच्या भस्माबरोबर युजेनॉल, म्हणजे लवंगेच्या तेलातील मुख्य घटक, असतो. दाढदुखीवर लवंग धरण्याचा घरगुती उपाय याच द्रव्यामुळे गुण देतो.

चिक्की खाताना टोपी निघून आल्याच्या तक्रारी दंतवैद्यास नवीन नाहीत. याच तत्त्वावर एक साधन बेतले आहे. चिवट राळेची वडी कोमट पाण्यात मऊ करून टोपीवर ठेवतात, रुग्ण ती चावून धरतो, आणि वडी थंड झाल्यावर झटकन तोंड उघडतो. समोरच्या दातावर भक्कम भरण किंवा दुसरी टोपी नाही, याची आधी खात्री करावी लागते. अन्यथा नको ती वस्तू वर येते. दुसऱ्या साधनात एका दांड्यावर सरकणारे वजन असते. दांड्याचा आकडा टोपीच्या कडेत अडकवून वजनाचे ठोके दिले म्हणजे सिमेंट तडकते.

परंतु येथेच खरा धोका आहे. टोपीखाली बहुतेक वेळा मुळांचा उपचार झालेला, आतून पोकळ करून पुन्हा भरलेला दात असतो. ठोका तिरपा किंवा जोराचा बसला, तर टोपीऐवजी खुंटच मोडतो. कधी मूळ उभे चिरते, आणि उभे चिरलेले मूळ बहुधा उपटावेच लागते. टोपी दुसरी करता येते. दात दुसरा येत नाही. सबब दोन-चार माफक प्रयत्नांनी न हलणाऱ्या टोपीचा मोह शहाणा दंतवैद्य सोडून देतो.

मधला मार्गही आहे. टोपीच्या बाजूस लहानसे छिद्र पाडून ते टोपीचे छत व खुंटाचा माथा यांच्यामधील सिमेंटपर्यंत नेतात, त्यात चपटी किल्ली घालून फिरवितात आणि टोपीस सरळ वर ढकलतात. छिद्र नंतर भरता येते. तेही साधले नाही तर टोपी हिरकणीयुक्त कातणीने हिरडीपासून माथ्यापर्यंत चिरून, दोन फाका विलग करून काढतात. सोने मऊ असल्याने लवकर चिरले जाते. झिर्कोनियाला मात्र फार वेळ लागतो आणि उष्णता निर्माण होते. १९६५ साली झाक व कोहेन यांनी माकडांच्या दातांवर केलेल्या प्रयोगांत दाताच्या गाभ्याचे तापमान सुमारे ५.५ अंश सेल्सिअसने वाढताच १५ टक्के दातांचा गाभा मृत झाला. म्हणून जिवंत दातावर पाण्याचा फवारा सतत चालू ठेवावा लागतो.

टोपी अखंड निघाली, तरी ती पुन्हा बसवावी की नाही हे टोपी पाहून ठरत नाही, खुंट पाहून ठरते. मुळांचा उपचार झालेल्या दातात संवेदना नसते. त्यामुळे सैल टोपीखाली लाळ शिरून कीड वर्षभर वाढली तरी वेदनेचा इशारा मिळत नाही. दुर्गंधी किंवा विचित्र चव हीच काय ती खूण. दोन दातांवर टेकलेल्या पुलाचे एक टोक सुटून दुसरे घट्ट राहिले, तर ही फसवणूक आणखी दीर्घकाळ चालते. किडीचा भाग काढल्यावर खुंटाचा आकार बदलतो, आणि जुन्या टोपीची कड जेथे दाताला भिडत होती तेथे फट राहते. अशी टोपी फार तर नवी तयार होईपर्यंत, आतून भर घालून, तात्पुरती वापरावी.

खुंट निरोगी, कड अचूक आणि चिनी मातीला तडा नाही, असे आढळल्यास मात्र तीच टोपी पुनश्च बसविण्यास हरकत नसते. आतील जुने सिमेंट काढून पृष्ठभागावर ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांचा झोत मारतात. झिर्कोनियाच्या टोपीस लाळेतील फॉस्फेट घट्ट बिलगते. केवळ पाण्याने ते जात नाही, आणि फॉस्फोरिक आम्लाने धुतल्यास फॉस्फेटची आणखी भरच पडते. नंतर सिमेंट न लावता टोपी बसवून पाहतात, चावा तपासतात, आणि मगच ती चिकटवितात.

टोपी घरी निघून आल्यास ती धुऊन डबीत ठेवावी व लवकर दंतवैद्याकडे न्यावी. बाजारी गोंदाने चिकटविल्यास ती वाकडी बसते आणि पुढील काम बिघडते. सैल टोपी तोंडात ठेवून झोपू नये. ती श्वासनलिकेत गेल्यास बहुधा उजव्या फुफ्फुसाकडे उतरते, कारण उजवी शाखा अधिक रुंद व सरळ असते.

एकाची टोपी दुसऱ्यास बसत नाही, कारण ती एकाच खुंटाच्या मापाची असते. चिरलेल्या टोपीचे मोल तिच्या धातूपुरतेच. सोन्याची टोपी निर्जंतुक करून वितळविता येते. मात्र तिच्यात तांबे, चांदी व पॅलेडियम मिसळलेले असल्याने शुद्ध सोन्याच्या वजनाचा हिशेब तिला लागू पडत नाही.