घरखर्चाच्या वहीत एक पान तुमच्या कमाईचेही

काटकसरही करता, घरबसल्या चार पैसे मिळवताही. तरी गरजेच्या वेळी हात रिकामाच का राहतो?

जूनचा पहिला आठवडा. मुलीच्या शाळेची १२ हजार रुपये फी भरायची होती. डोंबिवलीला राहणाऱ्या आमच्या परिचयातील एका वहिनींनी कपाटातला डबा उघडला, तर आत निघाले जेमतेम १,८०० रुपये.

"अगं, तू वर्षभर साड्यांना फॉल-पिको करतेस, दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतेस. ते पैसे गेले कुठे?" पतिराजांनी सहज विचारले. पण वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले. "मी काय स्वतःवर उधळले? सगळे घरातच गेले ना!"

दोघांचेही खरे होते. पैसे आले होते, हेही खरे आणि ते घरातच गेले, हेही खरे. मात्र कधी, किती आणि कशावर गेले, याचा एकही कागद घरात नव्हता. शेवटी वहिनींच्या हातातली एक बांगडी गहाण ठेवून फी भरावी लागली. बांगडी सहा महिन्यांनी सुटली, पण तो प्रश्न वहिनींच्या मनातून गेला नाही. त्यांनी मुलीची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली आणि पहिल्या पानावर तारीख घातली.

पैसा जाताना दिसत नाही

पूर्वी पगाराच्या दिवशी पाकिटे केली जात. दूधवाल्याचे एक, वाण्याचे एक, घरभाड्याचे एक. पाकीट हलके झाले की हात आपोआप आखडता घेतला जाई. २०१६ साली यूपीआय आले आणि हळूहळू भाजीवाल्याकडेही मोबाईलवरून पैसे देता येऊ लागले. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण पाकीट हलके होताना जे दिसे, ते आता दिसत नाही. २० रुपयांची कोथिंबीर, ४० रुपयांचा वडापाव, ऐनवेळी घरपोच मागवलेले ९० रुपयांचे दही. एकेक खर्च बघितला तर चुकीचा एकही नाही.

वहिनींनी महिनाभर प्रत्येक खर्च लिहिला. १०० रुपयांच्या आतले ४७ खर्च निघाले आणि त्यांची बेरीज झाली २,९०० रुपये! शिवाय कुणीही न बघणाऱ्या एका मनोरंजन ॲपचे पैसे दर महिन्याला खात्यातून परस्पर कापले जात होते.

घरखर्चाची वही ठेवणे ही काही नवी युक्ती नव्हे. जपानमध्ये हानी मोतोको या महिला पत्रकाराने १९०४ साली गृहिणींसाठी अशा वहीचा नमुना छापला होता. 'काकेबो' नावाने ती पद्धत आजही ओळखली जाते. आपल्याकडेही अनेक आज्या कॅलेंडरच्या चौकोनात दुधाचा खाडा आणि सिलिंडरची तारीख लिहीत, ती हिशेबाचीच सुरुवात होती.

वही कशी ठेवाल?

वही साधीच असावी. फार रकाने आखले की आठ दिवसांत कंटाळा येतो. चार रकाने पुरेत: ठरलेले खर्च (भाडे किंवा हप्ता, वीज, शाळा), स्वयंपाकघर, प्रवास आणि औषधपाणी, इतर. रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे काढा. रोख दिलेले आठवून लिहा, मोबाईलवरून दिलेले मोबाईलमध्ये बघून लिहा. एखादा दिवस राहिला, तर अंदाजाने आकडा घाला, पण वही सोडू नका.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. वहीत पतीचा खर्चही यायला हवा. फक्त गृहिणीचा हिशेब मागणारी वही म्हणजे हिशेब नव्हे, ती झाली उलटतपासणी! महिनाअखेरीस दोघांनी चहा घेत वही चाळावी. "हे का खर्च केलेस?" असे न विचारता "पुढच्या महिन्यात हे कमी करता येईल का?" असे विचारावे. भांडणे निम्मी कमी होतात.

अचानक आलेला खर्च खरंच अचानक असतो का?

शाळेची फी दर जूनमध्येच येते. दिवाळी दर वर्षी येते. विम्याचा हप्ताही ठरलेल्या तारखेला येतो. तरी दर वेळी आपण म्हणतो, "अचानक खर्च निघाला."

वर्षातून एकदाच येणारे खर्च वहीच्या शेवटच्या पानावर लिहून काढा. वहिनींची यादी अशी होती: फी १२ हजार, विमा ९ हजार, दिवाळी ८ हजार, लग्नमुंजींचे आहेर ४ हजार, घरातील दुरुस्त्या ३ हजार. एकूण ३६ हजार. म्हणजे महिन्याला ३ हजार रुपये बाजूला पडायलाच हवेत. ते पडत नव्हते, म्हणून बांगडी गेली. आता पगार झाला की सर्वांत आधी हे ३ हजार वेगळ्या खात्यात जातात. किरकोळ खर्चातले निम्मे वाचले, उरलेले हॉटेल आणि कपड्यांतून काढले.

चार हजारांची चकली, नऊशेची कमाई

आता जोडकमाईकडे वळू. दिवाळीत वहिनींना १० किलो चकलीची ऑर्डर मिळाली होती. ४०० रुपये किलोप्रमाणे ४ हजार रुपये. "वाणसामानाचे दीड हजार गेले, अडीच हजार सुटले," असा त्यांचा समज होता. वही सुरू झाल्यावर त्यांनी तो हिशेब पुन्हा मांडला.

भाजणी आणि दळण ७०० रुपये, तेल ६००, तीळ-ओवा-तिखट २००, गॅस २००, पिशव्या आणि लेबले १५०, पोहोचवण्याचे रिक्षाभाडे २५०, मदतीला आलेल्या बाईंचे ६००. एकूण खर्च २,७०० रुपये. उरले १,३००. त्यातही एका किलोचे ४०० रुपये उधारीत बुडाले. हातात पडले ९०० रुपये आणि त्यासाठी वहिनी १८ तास राबल्या होत्या. म्हणजे तासाला ५० रुपये!

पुढच्या दिवाळीत त्यांनी ८ किलोच चकली केली. भाव ४५० रुपये ठेवला. अर्धे पैसे आगाऊ घेतले आणि ग्राहकांना घरून न्यायला सांगितले. मदतनीस घेतली नाही. ३,६०० रुपये आले, खर्च १,४८० झाला. २० तासांच्या कामाचे २,१२० रुपये सुटले, म्हणजे तासाला १०६. माल कमी, कमाई दुपटीहून अधिक! (घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे, हे विसरू नका.)

काम कोणतेही असो, पोळ्या लाटून देणे, शिकवण्या, शिवणकाम की डबे, हाच हिशेब लागू पडतो. सामान, वीज-गॅस, येणे-जाणे, बुडालेली उधारी आणि तुमचे तास या पाच गोष्टी लिहिल्याशिवाय नफा कळत नाही. १९५९ साली मुंबईच्या गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून 'लिज्जत' उभी राहिली. उसन्या पैशांचा धंदा हिशेबावाचून चालत नाही. घरच्या पैशांचा धंदा मात्र आपण बिनहिशेबी चालवतो आणि मग "काही सुटत नाही" म्हणतो.

कमाई वेगळी दिसू द्या

गृहिणीची कमाई आली की ती भाजीच्या डब्यातच जाते. मग सहा महिन्यांनी घरातल्या कुणालाच, खुद्द तिलाही, ती आठवत नाही. म्हणून वहीत तिचे स्वतंत्र पान हवे आणि बँकेत स्वतःच्या नावाचे खाते हवे. २०१४ साली सुरू झालेल्या जनधन योजनेत किमान शिल्लक न ठेवताही खाते उघडता येते. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत महिन्याला १०० रुपयांपासून सुरुवात करता येते. महिन्याला ५०० रुपये भरले, तर पाच वर्षांत मुद्दलच ३० हजार होते, व्याज वेगळे. भिशी लावायची हौस असेल, तर ओळखीच्या मंडळींपुरतीच आणि बुडाली तरी घर हलणार नाही एवढ्याच रकमेची लावा.

घराला गरज पडली, तर या पैशांतून जरूर द्या. पण देताना वहीत लिहा: "घरासाठी दिले, २,००० रुपये." यात हिशेबीपणा नाही. घर दोघांच्या कमाईवर चालते, एवढेच त्यातून दिसते.

यंदा जूनमध्ये फी वेळेवर भरली गेली. पतिराजांनी वही उघडली, वहिनींच्या पानावरची बेरीज पाहिली आणि म्हणाले, "अगं, तू वर्षभरात २१ हजार मिळवलेस?"

"दर वर्षीच मिळवत होते," वहिनी हसून म्हणाल्या, "फक्त लिहीत नव्हते!"